उंबऱ्यावरचं अक्षर

मासळी बाजारात मी मांदेली निवडत होते. दादाला मांदेली कुरकुरीत तळलेली लागत. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, पण महिन्यातून एकदा ते मी विसरायचे आणि तोही विसरायचा. तेवढ्यात गजानन समोर येऊन उभा राहिला. गजानन आमच्या वाडीतल्या पोफळींवर चढून सुपारी उतरवतो, गेली बारा वर्षं. झाडावर चढताना शिट्टी वाजवणारा हा माणूस त्या दिवशी दोन्ही हातांत टोपी धरून उभा होता. "बाई, घरी चला. दादा उठत न्हाईत," एवढंच म्हणाला. मी हातातली मासळी टोपलीत परत टाकली, तर कोळिणीनंच ती पिशवीत भरून माझ्या हातात दिली. घरी आले. दादा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होता, मान थोडी उजवीकडे, दुपारी डुलकी लागायची तशीच. डॉक्टर आले, त्यांनी सांगायचं ते सांगितलं. आणि मग मी काय करावं? मोरीपाशी बसून मांदेली धुवायला लागले. चांगली चार पाण्यांनी धुतली. शेवटी गजानननंच येऊन माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं... त्याला आता सहा आठवडे होतील.

वर्तमानपत्रात बातमी आली, 'ज्येष्ठ मलेरिया संशोधक डॉ. मधुकर यांचे निधन', सोबत वीस वर्षांपूर्वीचा काळ्या केसांचा फोटो. पुण्याहून मोठमोठी माणसं भेटून गेली, चांगलं बोलून गेली. पुरवणीच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असणार, बहीण आहे, लहानपणीच्या आठवणी सांगेल. सांगते की. पण आधीच कबूल करते, माझ्याकडून एक गोष्ट घडली आहे आणि ती सांगितल्याशिवाय दादाबद्दल माझ्या हातून एक ओळ पुढं सरकत नाही. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात मी त्याला खोटं वाचून दाखवलं. एकच अक्षर, पण खोटं. पस्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना 'जे लिहिलंय तेच वाच, मनचं घालू नकोस' म्हणून बजावलं, तीच मी.

आमचे वडील इथं श्रीवर्धनातच दुसऱ्याच्या वाडीत शिंपणं करायचे. आईला दर पावसाळ्यात हिवताप यायचा, एकाआड एक दिवस, ठरलेल्या वेळी. आमच्या घरात 'उद्या तापाचा दिवस' हे शब्द लोक 'उद्या बाजाराचा दिवस' म्हणतात तितक्या सहज म्हटले जात. त्या दिवशी वडील लवकर परतायचे, दादा भात टाकायचा, आणि मी आईच्या अंगावर चढून बसायचे. तीच म्हणायची, "बस गो माझ्यावर, हाडां वाजतायत." तीन गोधड्या आणि वर मी, तरी खाटेचे पाय जमिनीवर खडखडत. मी पाच वर्षांची होते, मला तो खेळ वाटायचा. दादा बारा वर्षांचा. तो चुलीपुढून विचारायचा की थंडी नेमकी दुपारीच कशी येते, तिला घड्याळ कुणी दिलं? वडिलांना ते ठाऊक नव्हतं आणि मास्तरांनाही. आई त्या तापातून वाचली. पण तिच्या पोटात होतं ते मूल गेलं. त्याबद्दल घरात पुढं कुणी काही बोललं नाही. दादा मात्र उभा जन्म त्या घड्याळामागे लागला.

पुण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाला आणि वडील ज्या वाडीत राबले तीच वाडी घेऊन इथं परतला. त्याची बायको आधीच गेली होती, माझे यजमानही. मुलं आपापल्या जागी. मग मीही शाळेतून सुटल्यावर माझं चंबूगबाळं उचलून इथं आले. मोठ्या वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. जिथं झाडं मुळासकट उपटली तिथं खड्डे पडले, आणि खड्ड्यांत पाणी साचून डासांचं राज्य झालं. दादा त्या खड्ड्यांकडे बघून म्हणायचा, बघ, माझे विद्यार्थी आले. तेव्हा त्याला दिसत होतं. पुढं साखरेनं डोळे खाल्ले, आधी डावा आणि मग उजवा. उजेड आणि अंधार एवढंच उरलं. पण काम थांबवायचं म्हणून नाव नाही. हट्टी म्हणजे किती हट्टी! आमच्यात म्हणतात, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, त्यातला नमुना.

त्याचं काम मला त्यानं कसं समजावलं ते सांगते, कारण याहून सोपं मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणाला, "तुझ्या शाळेत शिपाई घंटा वाजवतो ना? घंटा झाली की वर्ग भरतात, सुटतात. पेशीत घंटा वाजवणारी प्रथिनं असतात. त्यांना कायनेज म्हणतात." आईच्या तापाचं घड्याळ अशाच घंटांवर चालतं म्हणे. प्रथिन म्हणजे ओवलेली मण्यांची माळ, आणि प्रत्येक मण्याला एक इंग्रजी अक्षर. माणसाचं कायनेज, भाताचं, पोफळीचं, गुरांना गोचीडताप देणाऱ्या परजीवीचं, मलेरियाच्या परजीवीचं, सगळ्यांच्या माळा एकाखाली एक लावून बघायच्या. कुठं जुळतात, कुठं वेगळ्या होतात, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. काही ठिकाणी सगळ्यांची अक्षरं तीच. एच आर डी. पुढं काही अंतरावर डी एफ जी. भात काय, बैलाचा जंतू काय, तुम्ही-मी काय, डी एफ जी आलंच पाहिजे. मला तर आरतीच्या ध्रुवपदासारखं पाठ झालं होतं.

आणि वेगळं काय, तर मलेरियाच्या परजीवीकडं एका जातीचं कायनेज आहे, ते भातात सापडतं, पोफळीत सापडतं, पण माणसात नाही. आपल्या रक्तात शिरलेला चोर, आणि त्याच्या खिशात झाडाची चावी. दादाला याचं मरेपर्यंत नवल वाटत राहिलं. नवल सोडा, आशा वाटायची. कारण फक्त त्याच प्रथिनाला बंद पाडणारं औषध मिळालं तर परजीवी मरेल आणि माणसाच्या केसालाही धक्का लागणार नाही. पुण्यातल्या त्याच्या जुन्या गटानं असं एक औषध जवळपास तयार केलं होतं. ते त्या प्रथिनाच्या एका खोबणीत जाऊन बसतं. खोबणीच्या तोंडाशी एकच अक्षर असतं, दादा त्याला उंबरा म्हणायचा. उंबऱ्यावर टी असेल तर औषध आत जातं. तिथं आय आलं, एम आलं, तर मणी जाड पडतो आणि औषध बाहेरच राहतं. म्हणून गटानं दादाला विचारलं होतं, आपल्या किनाऱ्यावर, न्हावा शेव्याच्या बंदरावरच्या कामगारवस्तीपासून आगरदांडा, श्रीवर्धनपर्यंत, सगळ्यांच्या रक्तातल्या परजीवीत उंबऱ्यावर टीच आहे ना? तो 'हो' म्हणाला की औषध पुढच्या चाचण्यांना जाणार होतं. त्याच्या 'हो'साठी सगळे थांबले होते.

त्याची पद्धत जुनी आणि वैताग आणणारी. मुरूडची रेश्मा ही त्याची शेवटची विद्यार्थिनी. ती गावोगावचं रक्त गोळा करायची आणि प्रयोगशाळेतून त्यातल्या परजीवीची अक्षरं काढून पाठवायची. ती संगणकावर तुलना करून एक यादी करणार, तीही जुळवायच्या दिवशीच. दादा इथं कानांनी तुलना करून दुसरी यादी करणार. याद्या जुळवेपर्यंत दोघांनी एकमेकांना एक शब्द सांगायचा नाही. संगणक बिनडोक असतो, त्याला जुळलं नाही की तो रेघ ओढून मोकळा होतो, असं दादाचं मत होतं. तर मी मोठ्या अक्षरांत छापलेले कागद झेरॉक्सच्या दुकानातून आणायचे, खळीनं चिकटवून त्यांची लांबच लांब गुंडाळी करायचे. ओळीच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि आकडा. माणसाचं नाव कधीच नाही. उंबऱ्याच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत शिवणाचा लाल दोरा ताणून दोन्ही टोकांना टाका घालायचा, म्हणजे दादाला बोटानं तो रकाना सापडायचा. रविवारी दुपारी, जेवणाआधी, मी वाचायचे आणि तो डोळे मिटून ऐकायचा. जिथं अक्षर बदललं तिथं माझ्याकडून बोट ठेवून घ्यायचा आणि स्वतःच्या हातानं टाचणी टोचायचा. मलेरियाच्या परजीवीत मधेच 'एन'ची रांग लागते, एन एन एन एन, मोजता मोजता मला हसू फुटायचं आणि तो ओरडायचा, "हेडबाई, वर्गात हसायचं नाही." डी एफ जी आलं की खुर्चीच्या हातावर बोट आपटायचा. सगळं झालं की ठरलेला प्रश्न, "सगळं वाचलंस ना?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "हजर सगळे."

एक नियम मात्र यादीच्या वरचा होता. उंबऱ्यावर अक्षर बदललं तर यादीची वाट बघायची नाही, तिथल्या तिथं रेश्माला फोन करायचा. त्या माणसाकडं परत जाऊन ताजं रक्त घ्यायचं, आणि तो गोळ्या पुऱ्या घेतोय की नाही ते बघायचं. कारण तो उठून दुसरीकडं गेला तर त्याच्या रक्तातलं तेही जाणार. मी एकदा विचारलं होतं, औषध अजून बाजारात नाही, कुणी घेतलेलं नाही, मग त्याच्यापासून बचाव करणारं अक्षर कुठून येईल? दादानं टाचण्यांची डबी मिटली. मग म्हणाला, "ते आपली वाट बघत बसत नाहीत, बाई. आपण दार ठोठावायच्या आधीच आतून कडी लागलेली असू शकते." त्यानं हे अगदी शांतपणे सांगितलं.

त्याआधीच्या वर्षी असं एकदा झालं होतं. न्हावा शेव्याकडच्या एका ओळीत उंबऱ्यावर भलतंच अक्षर आलं. मी वाचलं, दादानं टाचणी टोचली, फोन झाला. आणि मग दोन दिवस हा माणूस जेवला नाही. नुसता खुर्चीत बसून. पाण्याचा तांब्या तसाच. त्याच्या छातीची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे घामाघूम झाला, गजानननं आणि मी त्याला टेम्पोत घालून माणगावच्या दवाखान्यात नेलं. सहा दिवस तिथं काढले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना धक्का, काळजी अजिबात चालणार नाही, पुढच्या वेळी इथपर्यंत पोचतीलच असं नाही. आणि मग रेश्माचा फोन, ताज्या रक्तात उंबऱ्यावर टीच आहे, पहिल्या वेळी यंत्राची चूक झाली. म्हणजे एका यंत्राच्या चुकीसाठी माझा भाऊ जाता जाता राहिला! मी इतकी चिडले होते की ती गुंडाळी बंबात घालणार होते. दादा मात्र हसत होता, एखादं लहान मूल दगावता दगावता वाचावं तसा.

तर तो रविवार. श्रावण संपत आला होता. घरात वालाच्या बिरड्याचा वास, दादा भुकेजलेला आणि खुशीत. ही शेवटची गुंडाळी होती, एवढी झाली की तो पुण्याला 'हो' कळवणार होता. आगरदांड्याच्या ओळी चालू होत्या. जेट्टीच्या कामावरच्या माणसांचं रक्त असावं, रेश्मा तिथूनच घ्यायची. सहावी ओळ झाली. सातवी सुरू करण्याआधीच माझी नजर दोऱ्याकडं गेली. वरपासून खालपर्यंत टी, टी, टी, आणि सातव्या ओळीत आय. बारीकशी उभी काडी. मी वाचत वाचत तिच्याकडं निघाले. मनात काय काय आलं ते सांगते, लपवून करू काय. माणगावच्या दवाखान्यातला पांढरा दिवा आला. डॉक्टरांचं बोलणं आलं. मागच्यासारखी यंत्राचीच चूक असेल, हे आलं. आणि खरं सांगायचं तर बिरडं गार होईल, हा मेला दोन दिवस जेवणार नाही, हेही आलं. मी वाचलं, "टी." पुढं एच आर डी, पुढं डी एफ जी. दादानं खुर्चीच्या हातावर बोट आपटलं. गुंडाळी संपली. "सगळं वाचलंस ना?" "हजर सगळे." तो पोटभर जेवला. दुसऱ्यांदा भात घेतला. मी त्याच्याकडं बघत बसले आणि मला बरं वाटलं, देवाशपथ बरं वाटलं.

याद्या जुळवायचा दिवस आठ दिवसांनी होता. त्या दुपारी मी मागीलदारी सुपाऱ्या उन्हात पसरत होते. पावसाची उघडीप होती, पटापट उरकायचं काम. दादा आत फोनवर रेश्माशी बोलत होता, ते रोजचंच, मी लक्ष दिलं नाही. आत आले तेव्हा गुंडाळी त्याच्या मांडीवर होती आणि टाचण्यांची डबी उघडी. मला म्हणाला, चहा कर. मी केला. तो कपभर चहा त्यानं इतक्या हळू प्यायला की मी विचारलं, कडू झालाय का? म्हणाला, नाही, चांगलाय. मग एकदम विचारलं, "बाई, त्या दिवशी सगळं वाचलंस ना?" मी म्हटलं, "हजर सगळे." त्यानं मान हलवली.

त्यानंतर रोज विचारायचा. वाचन नाही, काही नाही, आणि तिन्हीसांजेला दिवा लावून मी त्याच्याजवळ बसले की हा प्रश्न. मला वाटलं, वय झालं, विसरायला लागलाय. एकदा तर मी फटकन बोलले, किती वेळा तेच तेच विचारतोस रे, कान किटले माझे. तो म्हणाला, बरं, नाही विचारत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुण्याला त्यानं 'हो' कळवलं नव्हतं, त्याचंही मी कारण विचारलं नाही. मीच विचारायला घाबरत होते, हे आता कळतं. गौरी-गणपती झाले. विसर्जनानंतर चौथ्या दिवशी मी मासळी आणायला गेले. निघताना तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. म्हणाला, मांदेली मिळाली तर बघ. आदल्या तिन्हीसांजेला त्यानं विचारलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर रेश्मा आली. हिरव्या ओढणीत, हातात तपकिरी पाकीट, डोळे सुजलेले. तिला मी कोकम सरबत दिलं, ते तिनं तसंच ठेवलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की आगरदांड्याच्या सातव्या ओळीबद्दल सरांना खूप लागलं होतं. मी विचारलं, कुठली सातवी ओळ? तिला वाटलं मला ठाऊक आहे. तिनं सगळं सांगितलं. तिच्या यादीत आय होता, सरांच्या यादीत नव्हता. फोनवर सरांनी ओळीचा आकडा तिच्याकडून दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, आजच्या आज आगरदांड्याला जा. ती गेली. कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या उघड्या, माणसं नवी. शेजारच्या एकानं सांगितलं, तो तर पाच दिवसांपूर्वी पिशवी उचलून फेरीबोटीनं पलीकडं दिघीला गेला, ताप उतरला होता ना. पुढं कुठं गेला, ठाऊक नाही. गोळ्यांचं अर्धं पाकीट खोलीतल्या फळीवर तसंच पडलं होतं.

पाच दिवसांपूर्वी. मी रविवारी खरं वाचलं असतं तर त्या संध्याकाळी रेश्मा तिथं पोचली असती आणि तो माणूस तिथंच होता. आठातून पाच वजा करायला मला बोटं लागली नाहीत. मी रेश्माला विचारलं, दादा माझ्याबद्दल काही बोलला? ती माझ्याकडं बघत राहिली. तेव्हा तिला कळलं असावं. म्हणाली, "सर म्हणाले, वाचणाऱ्याची चूक नाही. माझे कान कमी ऐकायला लागलेत. यादीत तसंच लिही."

त्याचे कान! अंगणात पोफळीची झावळी पडली तर कुठल्या झाडाची ते सांगणारे कान.

रेश्मा गेल्यावर मी गुंडाळी काढली. सोडली, जमिनीवर पसरली. लाल दोऱ्यावरून बोट फिरवत आगरदांड्यापर्यंत आले, ओळी मोजत सातवीपाशी. तिथं भोक होतं. एक नाही, चार, एकमेकांना लागून. डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसानं दोरा धरून, एकेक ओळ चाचपत, जागा चुकत, पुन्हा टोचून ते नेमकं ठिकाण गाठलं होतं, मी मागीलदारी सुपाऱ्या पसरत असताना. आणि मग मला चहा करायला सांगितलं. त्यानं मला जाब विचारला असता तर मी भांडले असते, रडले असते, माणगावचं नाव काढलं असतं, आणि मोकळी झाले असते. त्यानं रोज फक्त दार उघडं ठेवलं आणि मी रोज तोंडावर 'हजर सगळे' म्हणत राहिले. मला त्याचा राग येतो. त्याहून माझा येतो. मी घरात एकटीच होते, म्हणून मोठ्यानं रडले.

रेश्मानं आणलेल्या पाकिटात नवीन अक्षरं होती, पावसाळ्याच्या शेवटच्या फेरीतली. तिला दुसरी यादी करणारं कुणी नाही. संकोचत म्हणाली, बाई, तुम्ही कराल का, तुम्हाला सवय आहे. मी कुठल्या तोंडानं हो म्हणाले, देव जाणे. आज सकाळी कागद चिकटवले, दोरा ताणला, टाके घातले. दोरा ताणतानाच दिसलं. आगरदांड्याच्या एका ओळीत आय. पुढं आपल्या श्रीवर्धनच्या तिसऱ्या ओळीत आय. या वेळी कुणी पिशवी घेऊन आलेला परगावचा माणूस नसणार. रेश्माशी नंतर बोलले तेव्हा ती म्हणाली, हे आधीपासूनही असेल बाई, तुमच्यामुळंच पसरलं असं कुणी म्हणू शकत नाही. खरंही असेल. मला धीर द्यायला म्हणत असेल. शास्त्रात याचं उत्तर मिळत नाही, आणि मिळालं तरी माझ्या बाजूनं निघेल असं नाही.

ओळीला नाव नसतं. पण गेल्या महिन्यात इथल्या दवाखान्यात रक्त द्यायला मीच गजाननला घेऊन गेले होते, आणि त्याच्या नळीवर तीनचा आकडा मी बघितला होता. ताप उतरला तसा यानंही दोन दिवसांत गोळ्या फळीवर ठेवल्या आणि पोफळीवर चढला. आता पुन्हा तापतोय. काल सकाळी मी त्याच्यापुढं उभी राहून नव्या पाकिटातली पहिली गोळी गिळायला लावली, जीभ बाहेर काढून दाखव म्हटलं. आजची गोळी काम करते, असं डॉक्टर म्हणतात. आजची. उद्यासाठी दादा आणि त्याची माणसं जे करत होती, त्याच्या उंबऱ्यावर कोण येऊन बसलंय ते मी कागदावर बघितलंय.

आज रविवार. मी जेवणाआधी खिडकीपाशी बसले, खुर्चीसमोर. ती अजून कुणी हलवलेली नाही. मोठ्यानं वाचलं, सगळं, एकेक अक्षर. 'एन'ची रांग आली तेव्हा हसू आलं नाही. आगरदांडा आलं, दोऱ्यापाशी थांबले आणि म्हटलं, "आय." टाचणी टोचली. श्रीवर्धन तीन आलं, पुन्हा म्हटलं, "आय." टाचणी टोचली. रेश्माला तिथल्या तिथं फोन केला. मग गुंडाळी गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. आता प्रश्न येईल असं उगाच वाटत राहिलं. आला नाही. तरी मी सांगितलं, "दादा, सगळं वाचलं."

बाहेर ओट्यावर गजानन घोंगडी पांघरून बसला होता. त्याला आतलं ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. थोड्या वेळानं त्यानं हाक मारली.

"बाई, उद्या तापाचा दिस न्हाय ना?"

मी बोटांवर मोजलं. न्हाय म्हणाले असते तर रातभर झोपला असता बिचारा.

"हाय, गजानन," मी म्हटलं. "उद्याच हाय."